कॅमेऱ्याचं अभिनंदन

सूड ही माणसाच्या हातून घडणारी सर्वांत निर्मळ गोष्ट आहे. तिच्यात लोभ नसतो, हिशेब नसतो, आणि मनाखेरीज तिला दुसरं कुठलंही साधन लागत नाही. उत्कर्षा भालेरावला मात्र एक फिल्म कॅमेरा लागणार होता. तोही जुना, परवडेलसा, आणि शक्यतो घरात असलेल्या तिन्ही लेन्स बसतील असा.

झालं होतं ते एवढंच. २००९च्या जानेवारीत, छायावेध मंडळाच्या मासिक सभेत, तिच्या फोटोला डिजिटल विभागात पहिलं बक्षीस मिळालं. हडपसरच्या भाजी बाजारात पहाटे कांदापातीच्या जुड्यांवर झोपलेला हमाल, असा तो फोटो. त्यासाठी ती सलग पाच रविवार साडेचारला उठली होती. मंडळाच्या सभा सदाशिव पेठेतल्या एका शाळेत सातवी 'ब'च्या वर्गात भरत, त्यामुळे सगळे सभासद गुडघे पोटाशी घेऊन बाकांवर बसलेले असत आणि अध्यक्ष आप्पासाहेब खळदकर तेवढे खुर्चीवर. आप्पासाहेब विमा कंपनीतून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. त्यांनी प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं, फोटोकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "फोटो उत्तम आहे. कॅमेऱ्याचं अभिनंदन. बाईंनी तो धरलाही व्यवस्थित होता."

वर्ग हसला. उत्कर्षासुद्धा हसली.

खरं तर तिला सूड त्या आपल्याच हसण्याचा घ्यायचा होता. हडपसरच्या कंपनीत बावीस माणसं हाताखाली असलेली, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला फोनवर 'नाही' म्हणू शकणारी बाई, एका म्हाताऱ्याच्या टोमण्यावर प्रमाणपत्र छातीशी धरून हसते, हे तिला सहन होईना. पण स्वतःवर सूड उगवायची सोय नसते. आप्पासाहेबांचा पत्ता मात्र मंडळाच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर होता.

आप्पासाहेबांचा सगळा दरारा एका कॅमेऱ्यावर उभा होता. १९८६ साली त्यांच्या मेहुण्याने तो दुबईहून आणला होता. कस्टमच्या माणसाला त्याने काय सांगितलं ही गोष्ट मंडळात दर वर्षी नव्याने सांगितली जाई आणि दर वर्षी तो कस्टमवाला जरा जास्त मूर्ख होत जाई. पुढे बाजार उघडला, दुकानांत परदेशी माल आला, मग डिजिटल आलं, मग फोनमध्येच कॅमेरा आला. आप्पासाहेब जागचे हलले नाहीत. "एक माणूस, एक कॅमेरा," असं ते म्हणत. सभेत तो कॅमेरा टेबलावर घडी घातलेल्या पांढऱ्या नॅपकिनवर बसलेला असे. त्याला हात लावायचा नाही, हा मंडळाचा नियम घटनेत नव्हता, पण घटनेतल्या सगळ्या नियमांपेक्षा जास्त पाळला जाई.

डिसेंबरात वार्षिक प्रदर्शन. त्यात एक फिल्म विभाग, त्याचे परीक्षक स्वतः आप्पासाहेब. उत्कर्षाने ठरवलं की त्या विभागात उतरायचं, जिंकायचं, आणि बक्षीस घेताना चार वाक्यं बोलायची. वाक्यं तिने त्याच रात्री टाईप केली. फाईलला नाव दिलं 'आभार_मनोगत', म्हणजे नवऱ्याच्या नजरेला पडली तरी संशय येऊ नये. मार्चपर्यंत तिची सातवी आवृत्ती झाली होती आणि तिच्यात आभार कुठेच उरले नव्हते.

मग कॅमेरा निवडायचा. ते काम तिने कंपनीत सॉफ्टवेअर विकत घेतात तसं हातात घेतलं. एक्सेलचं पान, बावीस मॉडेलं, आठ निकष, प्रत्येक निकषाला वजन. लेन्स बसते का, तीस. लाईट मीटर चालतो का, वीस. सुटे भाग मिळतात का, पंधरा. शेवटच्या रकान्याचं शीर्षक 'आ.' एवढंच होतं आणि वजन पंचवीस. तिचा नवरा रोहन हाही संगणकवालाच. त्याने तिच्या खांद्यावरून डोकावून विचारलं, "'आ.' म्हणजे?"

"आप्पासाहेबांना झोंबेल का."

"ते मोजणार कसं?"

"एक ते पाच."

रोहनने चहा संपवला. "अगं, त्या माणसाला एक मेल टाकला असतास तर? आपण असं बोललात, मला वाईट वाटलं."

"मला वाईट नाही वाटलं," उत्कर्षा म्हणाली. "मला राग आलाय. वाईट त्यांना वाटणार आहे."

मंदीचं वर्ष होतं. पगारवाढ थिजलेली, ऑफिसातली माणसं शुक्रवारी खोक्यात सामान भरून जात होती, आणि नवा खर्च करायचा म्हणजे रोहनला कारण सांगावं लागे. पण फिल्मचे कॅमेरे कधी नव्हे इतके स्वस्त झाले होते. ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतले, ते आता पिशवीत घालून मिळेल त्या किमतीला देऊन टाकत होते. मंडळाचा चिटणीस श्रीनिवास याने तिला खडकी बाजारातल्या नागोरावांचं नाव सांगितलं. "माणूस तोंडाचा फटकळ आहे," तो म्हणाला, "पण पुण्यातले सगळे जुने कॅमेरे एकदा तरी त्याच्या टेबलावर उताणे पडलेत."

नागोराव दारूगोळा कारखान्यात दुर्बिणी आणि नेम धरायची यंत्रं दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर बाजारात दहा बाय आठचं दुकान टाकलं. वाशीमकडून पुण्याला येऊन पस्तीस वर्षं झाली तरी 'काहून' त्यांनी सोडलं नव्हतं. उत्कर्षा एप्रिलातल्या एका शनिवारी गेली तेव्हा ते एका शिलाई मशीनच्या पोटात हात घालून बसले होते.

"काका, फिल्म कॅमेऱ्याची बॉडी पाहिजे. नुसती बॉडी, लेन्स माझ्याकडे आहेत." तिने पर्समधून तिन्ही लेन्स काढून टेबलावर ठेवल्या.

"डिजिटल आहे ना तुमच्याकडं?"

"आहे."

"चालते ना तो?"

"चालतो."

"मग काहून?"

"शिकायचंय."

नागोरावांनी हात पुसला आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "बाई, इथं तीन तऱ्हेचे लोक येतात. एक, बाप गेला म्हणून त्याचा कॅमेरा चालू करून घेणारे. दोन, दिवाणखान्यात काचेमागं ठेवायला नेणारे. तीन, कोणाची तरी जिरवायला नेणारे. तिसऱ्या तऱ्हेचं गिऱ्हाईक चांगलं. ते घासाघीस करत नाही."

त्या दिवशी घासाघीस करायची, हे उत्कर्षाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

त्यांनी टेबलावर टॉवेल अंथरून तीन बॉड्या मांडल्या. पहिली काळी, प्लॅस्टिकची, २००० सालच्या आसपासची. तिन्ही लेन्स बसतील, फोकस आपोआप होईल, मीटर अचूक. फक्त पाठीवरचं रबर चिकट झालेलं, हात लावला की गूळ लागल्यासारखं. दुसरी भलत्याच कंपनीची. ती नागोरावांनी केवळ संख्या भरावी म्हणून ठेवली असावी. तिसरी धातूची. जड, चौकोनी, कोपऱ्यांवरचा काळा रंग झिजून आतलं पितळ दिसणारी. आप्पासाहेबांच्या नॅपकिनवर जे मॉडेल बसे, नेमकं तेच.

उत्कर्षाने ती उचलली, डोळ्याला लावली, खटका दाबला, आणि लगेच कॅमेऱ्याच्या पाठीकडे पाहिलं.

"तिथं काही नाही," नागोराव म्हणाले. "पाठीला नुसती पाठ आहे. फोटो आठ दिवसांनी दिसते."

मग त्यांनी तिला शिकवलं. खटक्याचा वेग एका सेकंदावर ठेवायचा, कान लावायचा, आणि आतला आवाज मध्येच अडखळतो का ते ऐकायचं. मागचं झाकण उघडून कडेचा काळा स्पंज बोटाने दाबायचा. तो डांबरासारखा लागला तर प्रकाश आत शिरणार. आरसा वर गेला की परत खाली येतो का पाहायचं. धातूच्या बॉडीने सगळ्या परीक्षा दिल्या. नागोराव डोळे मिटून तिचा एक सेकंद ऐकत होते.

"पण ही तुमच्यासाठी नाही," ते म्हणाले. "तुमच्या तीनातल्या दोन लेन्सला कडी नाही. कडी नाही तर प्रकाश किती घ्यायचा ते ठरवणार कोण? डिजिटलमध्ये बॉडी ठरवते. हिच्यात ठरवणारं कोणी बसलं नाही. ती प्लॅस्टिकची न्या. तीन हजार द्या. तिला कोणी विचारत नाही, पण फोटो ती काढते."

एक्सेलही तेच म्हणत होतं. प्लॅस्टिकला एक्क्याऐंशी, धातूला चौसष्ट. उत्कर्षाने मनातल्या मनात प्लॅस्टिकवर शिक्का मारला आणि धातूची बॉडी टॉवेलवर ठेवताना, आपली पद्धत म्हणून, उलटी करून खालून पाहिली.

तळावर नाव घातलेलं होतं. आपल्याकडे लग्नात मिळालेल्या पातेल्यावर, पेल्यावर, डब्याच्या झाकणावर नाव घालतात ना, बोहारणीकडे किंवा शेजाऱ्यांकडे भांडं गेलंच तर पुरावा असावा म्हणून, तसं. भांडेवाल्याच्या मशीनने टिंबाटिंबांनी कोरलेलं: 'आ. वि. खळदकर, १४-४-८६.' एका कोपऱ्याला पोचा पडून तो ठोकून सपाट केल्याची खूण होती, तिथलं 'र' जरा लंगडत होतं.

उत्कर्षाने ते दोनदा वाचलं.

एक माणूस, एक कॅमेरा. आणि तो कॅमेरा खडकी बाजारात, एका शिलाई मशीनशेजारी टॉवेलवर पडलेला. म्हणजे नॅपकिनवर जो बसतो तो दुसराच. म्हणजे म्हाताऱ्याने मूळचा कधीच फुंकून टाकला, कदाचित डिजिटलसुद्धा घेतला असेल घरात, आणि सभेत येऊन लोकांच्या कॅमेऱ्यांचं अभिनंदन करतो.

"काका, हा खळदकरांनी तुम्हाला विकला?"

"नाव वाचता येते ना तुम्हाला?"

"येतं. म्हणून विचारलं."

"गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकाला सांगत नसतो मी. डॉक्टर सांगते काय?"

हा नकार उत्कर्षाने होकार म्हणून लिहून घेतला. तिच्या धंद्यात तशी पद्धतच होती. तिने 'आ.' या रकान्याचं वजन पंचवीसवरून नव्वदवर नेलं आणि धातूची बॉडी पर्समध्ये घातली. नऊ हजार सांगितले होते, तिने आठ हजार आठशे दिले.

"दोनशे कमी केले," ती जाताना म्हणाली. "म्हणजे मी तिसऱ्या तऱ्हेतली नाही."

"आहात," नागोराव मशीनच्या पोटातून म्हणाले. "नसता, तर दोन हजार कमी झाले असते."

पहिला रोल पूर्ण कोरा आला. फिल्मचं टोक आतल्या दांड्याला अडकलंच नव्हतं; ती छत्तीस वेळा चाप ओढत राहिली आणि फिल्म डबीत स्वस्थ झोपून होती. डिजिटलवाल्या माणसाला कॅमेरा आपली चूक तोंडावर सांगतो. ह्या कॅमेऱ्याने आठ दिवस सभ्यपणे काही सांगितलं नाही. दुसऱ्या रोलवर सगळे फोटो काळपट. दोन लेन्स खरोखरच निरुपयोगी ठरल्या, आणि उरली ती एक जुनी, कडी असलेली पन्नास मिलिमीटरची, जी रोहनने कधीतरी भिशीच्या पैशांतून तिला घेऊन दिली होती.

पण सूडाला वेळ होता. जूनमध्ये तिने मनोगताची अकरावी आवृत्ती लिहिली. जिंकणं आता फारसं महत्त्वाचं राहिलं नव्हतं. जेवताना, वेगवेगळ्या मीटिंगांमध्ये, मगरपट्ट्याच्या सिग्नलला, ती तो क्षण डोळ्यांसमोर आणी: टेबल, नॅपकिन, आणि नॅपकिनशेजारी तिची बॉडी, उलटी. आप्पासाहेब वाकून वाचतात. चष्मा पुसतात. पुन्हा वाचतात. कधी ते खुर्चीवरून उठून निघून जात, कधी अध्यक्षपदाचा राजीनामा देत, आणि एका विशेष वाईट सोमवारी, ऑफिसात तिच्या हाताखालच्या चौघांना घरी पाठवल्यावर, ते रडलेसुद्धा.

"तू कॅमेऱ्याचा तळ दाखवून माणूस संपवणार," रोहन म्हणाला. "तळ वाचतं कोण?"

"पुण्यात वाचतात," उत्कर्षा म्हणाली.

सप्टेंबरात वाघोलीला, एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर, जिथे खिडकी व्हायची होती तिथे बसून एक मजूर बाई केस विंचरताना तिला दिसली. उत्कर्षाकडे रोलात दोनच फोटो उरले होते. तिने पहिला घाईत घेतला. दुसऱ्यासाठी ती वीस मिनिटं समोरच्या गच्चीत उभी राहिली, कडी फिरवली, श्वास धरला, एकदाच दाबलं. मग सवयीप्रमाणे कॅमेऱ्याच्या पाठीकडे मात्र पाहिलं नाही. हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही, कारण तेव्हा ती बारावी आवृत्ती जुळवत होती.

प्रदर्शन सहा डिसेंबरला, रविवारी, अकरा वाजता होतं, म्हणजे अकरा वाजता सुरू झालं. सातवी 'ब'च्या भिंतींवर फोटो, फळ्यावर खडूने 'सुस्वागतम्', मागच्या बाकावर थर्मास. फिल्म विभागात तीन फोटो होते, त्यांतला एक उत्कर्षाचा, केस विंचरणाऱ्या बाईचा. आप्पासाहेबांनी हात मागे बांधून तिन्ही फोटोंपुढे सारखाच वेळ घेतला. मग खुर्चीत बसले, नॅपकिन सरळ केला आणि निकाल वाचला. पहिलं बक्षीस, उत्कर्षा भालेराव.

ह्याची तिने तयारी केली नव्हती. कॅमेऱ्याचा तळ पाहिल्यापासूनच्या सगळ्या आवृत्त्यांत तिचं बक्षीस हुकलेलं होतं, तिच्यावर अन्याय झालेला होता. ती उठून पुढे गेली तेव्हा क्षणभर तिला वाटलं की प्रमाणपत्र घ्यावं, धन्यवाद म्हणावं आणि बाकावर जाऊन बसावं. फोटो चांगला होता. तो चांगला आहे हे ह्या माणसाने ओळखलं होतं.

आप्पासाहेबांनी प्रमाणपत्र पुढे केलं. "फोटो उत्तम आहे," ते म्हणाले. "कॅमेऱ्याचं अभिनंदन."

वर्ग हसला. यावेळी उत्कर्षा हसली नाही.

"आप्पासाहेब, हे आपण मला जानेवारीतही म्हणाला होतात."

"असेन. मी सगळ्यांनाच म्हणतो."

"मला म्हणतात दर वर्षी," श्रीनिवास बाकावरून म्हणाला. "बक्षीस नसलं तरी."

अकरा महिने जपलेलं वाक्य असं सार्वजनिक मालकीचं निघालं. पण उत्कर्षा आता थांबण्यापलीकडे गेली होती. तिने पर्समधून बॉडी काढली, टेबलावर नॅपकिनला लागून ठेवली, उलटी.

"मग कॅमेऱ्याचं अभिनंदन आपणच स्वीकारा," ती म्हणाली. "आपलाच आहे."

आप्पासाहेब वाकले. पुढच्या दोन बाकांवरची माणसं वाकली. श्रीनिवासने मान लांब केली आणि वर्गात सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "आ. वि. खळदकर. चौदा चार शहाऐंशी."

थर्मासपाशी चहा ओतणारा हात थांबला.

उत्कर्षाने जे मिळवायला आठ महिने घालवले होते ते तिला आता मिळालं, आणि ते तिने सावकाश चाखलं. ज्या माणसांसमोर ती हसली होती, तीच माणसं आता आप्पासाहेबांकडे पाहत होती. कोणी हसत नव्हतं. आप्पासाहेबांनी खरोखरच चष्मा काढून पुसला. तिचा आवाज अगदी मऊ झाला, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाशी बोलताना होतो तसा.

"एक माणूस, एक कॅमेरा, असं आपण नेहमी सांगता. हा मला एप्रिलमध्ये खडकी बाजारात मिळाला. विकायला ठेवला होता. मग नॅपकिनवर आहे तो कुणाचा, एवढंच मंडळाला कळावं. आपण तो धरता मात्र व्यवस्थित."

शेवटचं वाक्य बाराव्या आवृत्तीतही नव्हतं. ते तिथल्या तिथे सुचलं, आणि तिला ते फार आवडलं.

आप्पासाहेबांनी चष्मा चढवला. तिची बॉडी हातात घेतली, कानाशी नेऊन एकदा खटका ऐकला, मान हलवली आणि खाली ठेवली. मग आपला कॅमेरा नॅपकिनवरून उचलून तिच्याकडे तळ करून धरला. तळ कोरा होता, गुळगुळीत.

"हा नव्व्याण्णव साली सिंहगडाच्या पायऱ्यांवर पडला," ते म्हणाले. "तळाचा पत्रा चेपला. नागोरावांनी नवा बसवला. जुना म्हटलं तुमच्याकडेच असू द्या, कुणाला लागला तर लावा."

"आणि बाकीचा कॅमेरा?" उत्कर्षाने विचारलं.

"तो कुणाचा, ते नागोरावांना विचारा. माझा फक्त पत्रा आहे."

तळाचा पत्रा तीन स्क्रूंवर बसतो, आणि एकाच मॉडेलच्या कुठल्याही कॅमेऱ्याला लागतो.